सामानाच्या डब्यातून मांडीवर

बैलगाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याची चेष्टा मराठी मुलखात फार जुनी आहे. गाडीच्या सावलीत चालता चालता त्याला म्हणे वाटते, की गाडी आपणच ओढतो आहोत. टोमणा माणसांना असला तरी चित्र खरे आहे, आणि इतिहास शोधणाऱ्याला त्यात एक बारीक गोष्ट सापडते. कुत्रा गाडीखाली आहे, गाडीत नाही. पालघर, डहाणू, तलासरीच्या पट्ट्यातल्या वारली चित्रांतही कुत्रा दिसतो तो गुराख्याच्या किंवा शिकाऱ्याच्या आसपास, स्वतःच्या चार पायांवर. ज्या काळात बैलाच्या चालीपेक्षा वेगाने फार थोड्या गोष्टी हलत होत्या, त्या काळात कुत्र्याला प्रवासाची वेगळी सोय लागत नव्हती. पिल्लू चालत नसेल तर टोपलीत घालायचे किंवा घोंगडीत गुंडाळायचे, एवढे पुरे होते. टोपली कलंडली तरी पिल्लू दोन हात खाली पडायचे आणि केकाटत उठायचे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात मात्र कुत्र्याला वाहनात घ्यावे की नाही यावर थेट वाद आहे. इंद्र रथ घेऊन येतो, युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याशिवाय चढायला नकार देतो, आणि शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. निष्ठेची इतकी मोठी परीक्षा झाली, पण चढल्यावर त्याला रथात बसवायचे कुठे, हे कुणी विचारले नाही. आपली मोटार आजही त्याच जागी अडली आहे. पिल्लाला घ्यायचे की नाही हा प्रश्न सुटला, बसवायचे कुठे हा सुटलेला नाही.

तो का सुटला नाही, याचे उत्तर मला पालघर आणि बोईसर-तारापूरच्या वाहतुकीच्या इतिहासात दिसते. कुत्रा जेव्हा कायद्याच्या लेखी सामान होता, तेव्हा त्याला प्रवासात ठरलेली जागा होती, त्याचे तिकीट होते आणि त्याच्या जिवाची, फार थोडी का होईना, जबाबदारी कुणाच्या तरी नावावर होती. तो घरचा झाला आणि घरच्या मोटारीत आला, तेव्हा जागा गेली, तिकीट गेले आणि जबाबदारीही कुणाच्या नावावर उरली नाही. मायेने त्याला सामानातून बाहेर काढले, पण सामानाला जी दोरी बांधतात ती तेवढी काढून घेतली. हे ऐकायला उलटे वाटेल, म्हणून पुरावा आधी पाहू.

या भागात वेग आला तो रेल्वेने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बी.बी.सी.आय., ही कंपनी १८५५ मध्ये उभी राहिली. तिचा मार्ग गुजरातेकडून खाली सरकत आला आणि १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. या रुळांनी किनाऱ्याची जुनी गावे बाजूला टाकली. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली होती. ती सगळी समुद्राकडे तोंड करून बसलेली. गाडी थांबू लागली ती आतल्या बाजूला, पालघर, बोईसर, वाणगाव अशा ठिकाणी. तालुक्याला पूर्वी माहीमचे नाव होते, पुढे ते पालघरला गेले. स्टेशनाच्या मागे कचेरी जाते आणि कचेरीच्या मागे गाव जाते, हे कोकणपट्टीत पुष्कळ ठिकाणी घडले. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र पहिल्यांदाच असे झाले, की माणूस ज्या वेगाने चालला आहे त्या वेगाने कुत्र्याला पळता येईना. मग त्याला वाहनात घेणे भाग पडले.

रेल्वेने हा प्रश्न भावनेने सोडवला नाही, दप्तराने सोडवला. विलायतेतली रीत इथे जशीच्या तशी आली. कुत्र्याचे स्वतंत्र तिकीट काढायचे आणि त्याला गार्डच्या ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत ठेवायचे. ही पेटी म्हणजे डॉग-बॉक्स. साहेबाचा शिकारी कुत्रा असो की एखाद्या शेठजींचा, वाट तीच. वरच्या वर्गाचा अख्खा डबा ज्याने आपल्यासाठी घेतला आहे, त्याला कुत्रा सोबत ठेवायची सवलत मिळे, आणि तिचीच सावली आजच्या वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या कूपेमध्ये उरली आहे. लहान पिल्लू टोपलीत घालून सोबत न्यायची मुभाही रेल्वेच्या नियमांत टिकून राहिली. म्हणजे बैलगाडीतली टोपली रुळांवर आली, फक्त तिला आता पावती लागली.

पावतीचा अर्थ समजून घ्यायचा तर १८९० चा भारतीय रेल्वे कायदा पाहावा. गाडीत जनावर मेले किंवा हरवले तर कंपनीने किती भरपाई द्यायची, याची कमाल मर्यादा त्यात डोक्यागणिक लिहिली होती. हत्तीला ५०० रुपये होते. गाढव, मेंढी, शेळी आणि कुत्रा एकाच ओळीत होते, १० रुपये. त्याहून जास्त किमतीचे जनावर असेल तर मालकाने आधी तसे जाहीर करून जादा आकार भरायचा. शेळी आणि विलायती कुत्रा एकाच भावात मोजणारा हा कायदा आज हास्यास्पद वाटतो, पण त्यात एक गोष्ट पक्की होती. जीव सुपूर्द केल्यापासून तो परत ताब्यात मिळेपर्यंत त्याचे काय होईल, याचे उत्तर देणारा कुणी तरी होता. उत्तर दहा रुपयांचे का असेना.

त्या उत्तराची हद्द कुठे संपते, यावर इंग्लंडात १८७२ मध्ये एक निकाल लागला. रिचर्डसन विरुद्ध नॉर्थ ईस्टर्न रेल्वे हा तो खटला. एक ग्रेहाउंड कुत्रा गळ्यात पट्टा आणि दोरी बांधून रेल्वेच्या हवाली केला होता. मधल्या स्टेशनावर गाडी बदलताना नोकरांनी त्याला त्याच पट्ट्याने फलाटावर बांधले. कुत्र्याने मान आखडून पट्ट्यातून डोके काढले, रुळांवर धावला आणि मेला. न्यायालयाने रेल्वेला दोषी धरले नाही, कारण पट्टा मालकाने दिलेला होता आणि मालकाने दिलेल्या साधनाने बांधणे हा निष्काळजीपणा ठरत नाही. ग्रेहाउंडचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, म्हणून त्याचा पट्टा सुटतो. पिल्लाचेही तसेच असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या निकालात आजच्या मोटारवाल्याला कामाचे ज्ञान आहे, की गळ्यातला पट्टा हे प्रवासाचे बंधन नव्हे. तो निसटला तर पिल्लू मोकळे सुटते, आणि निसटला नाही तर धक्का सगळा मानेवर येतो. बांधायचेच तर छातीवरून जाणारा हार्नेस लागतो, हे कुत्र्यांच्या दुकानदाराने नव्हे तर एका हरलेल्या खटल्याने आधी सांगून ठेवले आहे.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो बिनतोड आहे. डॉग-बॉक्स ही काय सोय म्हणायची? लोखंडी पेटी, उन्हाने तापणारी, अंधारी, चाकांच्या खडखडाटात, मालक दहा डबे पुढे. त्यात कोंडलेल्या जिवाला सुरक्षित म्हणणे म्हणजे तुरुंगाला धर्मशाळा म्हणणे झाले. हे मला मान्य आहे. त्या पेटीत पुन्हा पिल्लू घालावे असे मी सुचवत नाही. पण पेटी वाईट होती म्हणून पेटीची कल्पना वाईट ठरत नाही. डॉग-बॉक्समध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या, जिवाला ठरलेली जागा आणि जिवाबद्दलची बेपर्वाई. मोटार आली तेव्हा आपण बेपर्वाई टाकली, हे चांगले केले. पण त्याच झटक्यात जागाही टाकली.

मोटार इथे कधी आली, हे तारापूरच्या अणुभट्टीशी जोडून पाहावे लागते. मुंबईत मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच धावू लागल्या होत्या, पण पालघरच्या बाजूला त्या कौतुकाच्या वस्तू होत्या, रिवाज नव्हता. तारापूर अणुवीज केंद्राच्या दोन भट्ट्यांसाठी १९६४ मध्ये करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. त्यापाठोपाठच्या वर्षांत बोईसरला लागून एमआयडीसीची तारापूर औद्योगिक वसाहत वाढली, रसायन, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले पगारदार लोक वसाहतींत राहू लागले. भाताच्या खाचरात किंवा वाडीत कुत्रा दाराबाहेर असतो, गावाचा असतो, आपल्या पायांनी येतो-जातो. कॉलनीतल्या कुत्र्याला मालक असतो, नाव असते, लशींचे कार्ड असते, आणि मालकाची बदली झाली की त्यालाही जावे लागते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या दोन दशकांत अशा घरांच्या आवाक्यात मोटार आली. एप्रिल २०१३ मध्ये विरारची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत वाढली, ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, आणि मुंबईशी या भागाची ये-जा रोजची झाली. पण लोकलच्या गर्दीत पिल्लू कुणी नेत नाही. ते येते मोटारीने. मुंबईहून, ठाण्याहून किंवा सुरतेकडून दोन महिन्यांचे पिल्लू आणायचे तर वाट ठरलेली. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मग चिल्हार फाट्यावरून बोईसर किंवा मनोरवरून पालघर. रेल्वे ज्या गावांच्या पोटातून जाते त्यांना महामार्ग पंधरा-वीस किलोमीटर लांबून ओलांडतो, म्हणून प्रत्येक फेरीला भरधाव मोठा रस्ता आणि खड्ड्या-वळणांचा लहान रस्ता असे दोन्ही वाट्याला येतात.

आणि या वाटेवर कायदा जवळजवळ गप्प आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राणी नेणे हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. म्हणजे १८९० मध्ये कुत्र्याच्या जिवाची जी कमाल किंमत होती, ती सत्तर वर्षांनी त्याच्या हालांची किमान किंमत झाली. या कायद्याखाली १९७८ मध्ये प्राणी वाहतुकीचे नियम झाले, आणि ते वाचले तर आश्चर्य वाटते, कारण कुत्र्या-मांजरांचे प्रकरण चांगले समजून लिहिलेले आहे. निघण्याच्या निदान दोन तास आधी खाणेपिणे उरकावे. उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि थंडीत दर सहा तासांनी पाणी द्यावे. अंगावर पिणारी पिल्ले आईखेरीज दुसऱ्या मोठ्या कुत्र्यांबरोबर ठेवू नयेत. रस्त्याने न्यायचे तर पिंजऱ्यात न्यावे, पिंजरा टपावर नव्हे तर वाहनाच्या आत ठेवावा, वाहनाने शक्यतो एकसारखा वेग ठेवावा, अचानक थांबू नये, गचके टाळावेत. हे सारे कुणी तरी विचार करून मांडले आहे. फक्त रस्त्याचे हे कलम ‘सार्वजनिक वाहना’पुरते आहे. घरची मोटार त्यात बसत नाही. पुढे मोटार वाहन नियमांत १२५-ई हे कलम आले आणि जनावरे नेणाऱ्या वाहनांत कायमचे कप्पे हवेत असे ठरले. गाय-म्हशीला २ चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. मनोरच्या नाक्यावर बाजाराला चाललेला टेम्पो आणि वीकएंडला केळव्याला चाललेली मोटार शेजारी उभी असेल, तर टेम्पोतल्या शेळीची जागा कायद्याने मोजून दिलेली आहे. ती टेम्पोवाला पाळत नसेल, पण ती आहे. मोटारीतल्या पिल्लाची जागा म्हणजे ज्याच्या मांडीवर असेल त्याची मांडी.

यावर दुसरा आक्षेप असा निघू शकतो, की घरची माणसेही घरच्याच मोटारीत बसतात, आणि त्यांच्यासाठी नियम आहेत. म्हणजे घरचे होणे हे काही असुरक्षिततेचे कारण नाही. आक्षेप बरोबर दिशेने जातो, पण तो थोडा मागपर्यंत नेऊन पाहू. तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला. पुढच्या आसनांवर तो आपल्याकडे सवयीचा व्हायला चार-पाच दशके गेली. मागच्या आसनाचा नियम कागदावर होता, अंगावर नव्हता. याचा सर्वांत ठळक पुरावा याच जिल्ह्यात घडला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे येणारी मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली. मागच्या आसनावरचे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ मृत्यू पावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मोटार महागडी होती, सुरक्षेची साधने तिच्यात होती. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा देशभर सुरू झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांसाठी सक्तीचा आग्रह धरला. मागचे आसन म्हणजे घराची बैठक, तिथे बंधन कशाला, ही समजूत त्या पुलावर उघडी पडली. मुलांच्या बाबतीतही तसेच. १४ वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना असेल तर गाडी चालवणाऱ्याला १००० रुपये दंड, हे २०१९ च्या दुरुस्तीने आले. आईच्या मांडीवर मूल सुरक्षित असते ही श्रद्धा कायद्याने तेव्हा बाजूला ठेवली आणि जबाबदार माणूस नेमून दिला. तेव्हा घरच्यांना नियम आहेत हे खरे, पण ते मायेतून आलेले नाहीत. मायेवर विसंबून चालत नाही हे कळल्यावर आलेले आहेत. पिल्लाच्या बाबतीत ते कळणे बाकी आहे.

मांडी का पुरत नाही, हे गणिताने पटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या मोकळ्या वस्तूला थांबवायला तिच्या वजनाच्या सुमारे २८ पट जोर लागतो. चार किलोचे पिल्लू अशा वेळी हातांना ११० किलोहून जास्त भरते. कुणाचेही हात ते धरू शकत नाहीत, आणि प्रेम जास्त असेल तर स्नायूंना बळ जास्त येते असेही नाही. त्याच वेगाने पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळणे म्हणजे १४ मीटर उंचीवरून पडण्यासारखे, म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वरून. बोईसर-पालघर रस्त्यावर एवढा वेग कुणी घेत नाही, असे म्हणता येईल. तर ताशी ४० घ्या. तेव्हाही ती उंची सहा मीटरांच्या वर जाते. शिवाय पुढच्या आसनावर मांडीत पिल्लू असेल तर फुगणारी एअरबॅग आणि माणूस यांच्या मध्ये पहिले तेच येते. आणि धडक व्हायचीच गरज नाही. चालकाच्या पायांत घुसून ब्रेकच्या पेडलखाली बसलेले पिल्लू हा साऱ्या प्रवाशांचा धोका आहे. एकट्याने गाडी चालवताना पिल्लू मोकळे सोडण्याइतका अविचार दुसरा नाही.

जर्मनीने या कोड्याला दिलेले उत्तर माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळचे आहे. तिथल्या नागरी कायद्यात १९९० पासून लिहिले आहे, की प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत. तरी रस्त्याच्या नियमांपुरता मोटारीतला कुत्रा हा ‘भार’ धरला जातो, आणि भार सरकणार नाही असा बांधणे ही चालकाची जबाबदारी असते. एकाच देशात तो दिवाणखान्यात जीव आहे आणि मोटारीत माल आहे, आणि त्यात कुणाला त्याचा अपमान वाटत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमधल्या ५७ व्या नियमातही कुत्र्याला मोटारीत योग्य तऱ्हेने बांधावे किंवा पिंजऱ्यात ठेवावे असे सांगितले आहे. आपल्याकडे उलट भीती वाटते. पिंजरा म्हटला की लोकांना पोपट आठवतो. पण पिल्लाच्या डोळ्यांनी पाहिले तर तीन बाजूंनी बंद, वरून झाकलेली, खाली जुनी चादर घातलेली जागा म्हणजे बीळ आहे. घरात आठवडाभर तिचे दार उघडे ठेवून आत खाऊ घातला, तर पिल्लू आपण होऊन तिथे झोपायला जाते. मोटारीत पहिल्याच दिवशी कोंडले तर ते रडणार, आणि मग पिंजरा क्रूर असा निकाल आपण देणार. क्रूर पिंजरा नसतो, घाई असते.

खर्चाचा आणि जागेचा आक्षेप मी हलका धरत नाही. लहान मोटारीत चार माणसे, सामान आणि वर क्रेट, म्हणजे पिंजरा, हे जमायचे कसे? दुकानात हार्नेसही मिळतात, पण अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ मध्ये धडकेच्या चाचण्या घेतल्या तेव्हा बहुतेक हार्नेस कमी पडले, म्हणजे महाग घेतला म्हणून निश्चिंत राहावे असेही नाही. पण पिल्लू हे पिल्लू आहे तोवरच प्रश्न सोपा आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला लागणारा लहान क्रेट पुढच्या आसनामागे, पाय ठेवायच्या जागेत, घट्ट बसतो. तिथून तो उडत नाही, सरकत नाही. तिथे एसीचा वारा पोचतो ना, एवढे पाहायचे. तेवढाही नसेल तर झाकणाची मजबूत टोपली तिथेच अडकवून ठेवता येते. बैलगाडीतून रेल्वेत गेलेली टोपली अजून जुनी झालेली नाही. शेअर रिक्षात मात्र ही सोय नाही, आणि बोईसरला स्टेशनापासून वसाहतीपर्यंत कित्येक घरांचे वाहन रिक्षाच आहे. तिथे बंद टोपली मांडीवर दोन्ही हातांनी धरणे आणि दाराच्या बाजूला न बसणे, याहून जास्त सांगता येत नाही. दुचाकीवर पुढच्या पायपाटावर पिल्लू उभे करून नेण्याचे कौतुक जे करतात त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत पिल्लू सामानासारखे नाही. सामानाला गाडी लागत नाही. कानाच्या आतली तोल सांभाळणारी रचना पिल्लात पुरती घडलेली नसते, म्हणून त्याला मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त मळमळते. लाळ गळणे, वारंवार जांभया आणि ओठ चाटणे ही आधीची लक्षणे. १९७८ च्या नियमातला ‘दोन तास आधी’ हा आकडा इथे कामाला येतो. भरल्या पोटी चिल्हारच्या वळणांतून नेऊ नये. किनाऱ्याची हवा हा दुसरा मुद्दा. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचे पाणी उडवतो आणि थंड होतो. तारापूर-चिंचणीच्या दमट उन्हाळ्यात ते पाणी नीट उडत नाही. उन्हात बंद उभ्या मोटारीतल्या तापमानाची बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने फार फरक पडत नाही. म्हणजे महामार्गावर चहा-वड्यासाठी थांबताना पिल्लू गाडीत ठेवायचे नाही. आणि जमिनीवरही ठेवायचे नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लशींचे डोस पुरे होईपर्यंत ढाब्यामागचे गवत पिल्लासाठी सर्वांत वाईट जागा. दोघांपैकी एकाने चहा घ्यायचा, दुसऱ्याने गाडीत एसी चालू ठेवून बसायचे. रेल्वेच्या काळात हे काम गार्डकडे होते असे मानले जाई. ते किती होत असे, ते डॉग-बॉक्सच जाणो.

मग कायदा करावा का? नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. १९७८ च्या नियमांतले रस्त्याचे कलम आहे तसेच ठेवून त्यातला ‘सार्वजनिक’ हा एक शब्द काढला, तरी पिंजरा, एकसारखा वेग, सोबतचा माणूस आणि पाणी हे सारे घरच्या मोटारीला लागू होईल. अंमल कोण करणार, हा शेवटचा आक्षेप. मागच्या आसनाच्या पट्ट्याचे जे झाले ते पाहता वाहतूक पोलिसाने मनोरला गाड्या अडवून क्रेट तपासावेत अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण पिल्लाच्या बाबतीत एक ठिकाण आयते आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला बंदी केली आहे, आणि पहिली लसही त्याच सुमारास असते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घेतलेले पिल्लू घरी आल्यापासून थोड्याच दिवसांत पालघर, बोईसर किंवा डहाणूच्या कुठल्या तरी पशुवैद्यकाच्या टेबलावर उभे राहते, आणि बहुतेक वेळा तिथवर ते कुणाच्या तरी मांडीवर बसूनच आलेले असते. लशींच्या कार्डावर पुढच्या डोसाची तारीख लिहायला रकाना असतोच. त्याखाली ‘पिंजऱ्यात आणावे’ एवढी एक ओळ छापायला सरकारी मंजुरीची गरज नाही.